अधांतरी चाकं

लेलँड बर्केटच्या गाडीतला एकही भाग दुसऱ्याचा सख्खा नव्हता. सांगाडा एकोणतीस सालच्या फोर्डचा, कुणाच्या तरी खुराड्यामागे गंजत पडलेला. इंजिन एका आपटलेल्या मर्क्युरी गाडीतलं. स्टिअरिंगची पेटी सॅन बर्नार्डिनोच्या रुळांपलीकडच्या ओटिस भंगारवाल्याकडची. ती कुठल्या गाडीतली, असं लेलँडने विचारलं तेव्हा ओटिस तंबाखू थुंकून म्हणाला, "पेटी घेतोयस की सोयरीक जुळवतोयस?"

तीन वर्षं घरामागच्या गॅरेजात हे चाललं होतं. लेलँड सिमेंटच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होता. मोजल्याशिवाय तो साधा स्क्रूही आवळत नसे. गाडी पळवणार होता त्याचा धाकटा भाऊ जीन. कोरियाच्या युद्धातून परतल्यापासून जीन कशातच नसे. नोकरी धरायचा, सोडायचा, जेवता जेवता मध्येच भिंतीकडे बघत बसायचा. गाडीपाशी आला की मात्र शीळ घालायचा. रविवारी एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर वेगाच्या चाचण्या होत्या. भावाला माणसांत आणायचा दुसरा उपाय लेलँडला सुचत नव्हता.

सोमवारी त्याने गाडीचा पुढचा भाग लाकडी घोड्यांवर चढवला. चाकं अधांतरी झाली. ती सरळ करून तो जेवायला गेला. येऊन बघतो तर चाकं डावीकडे वळलेली, अकरा अंश.

समतोल चुकला असेल. त्याने अॅक्सलखाली पाचर दिली. मंगळवारी चाकं उजवीकडे, एकोणीस अंश. पाचर काढली, चाकांच्या पिना तपासल्या, जमिनीला पाणसळ लावून पाहिली. बुधवारी पुन्हा डावीकडे.

"तापलेल्या पोरासारखं तासातासाला काय बघतोस तिला?" त्याची बायको व्हेरा म्हणाली.

"चूक रोज एकाच बाजूला असायला हवी," लेलँड म्हणाला. "ही फिरतेय."

गुरुवारी दुपारी जीन डावीकडच्या बाकावर इंजिनच्या झडपा घासत होता. तो उठून उजवीकडच्या नळाकडे गेला. लेलँड खाली वाकलेला होता, म्हणून त्याला दिसलं. चाकं सावकाश वळली. जीन थांबला, तशी थांबली.

"जीन, तो पाना दे."

जीन इकडे आला. चाकंही आली.

"दार लाव जरा."

चाकं दाराकडे.

मग त्याने व्हेराला हाक मारून दोन फेऱ्या घालायला लावल्या. चाकं ढिम्म. स्वतः फिरून पाहिलं. ढिम्म.

जीनच्याही लक्षात आलं. तो हसला. "बघ, पोरींपेक्षा ही बरी. नजर हलवत नाही."

लेलँड हसला नाही. शुक्रवारी त्याने ती पेटी काढून दुसरी बसवली. दुसऱ्या पेटीनेही तेच केलं. तेव्हा तो म्हणाला, "या रविवारी नको जाऊया."

जीनने हातातलं फडकं बाकावर ठेवलं. बाहेर जाऊन पायरीवर बसला आणि समोरच्या भिंतीकडे बघू लागला. एक तास, दोन तास. व्हेराने त्याच्यापुढे ठेवलेली कॉफी गार झाली.

लेलँड गॅरेजात येरझाऱ्या घालत राहिला. मग बाहेर येऊन म्हणाला, "ऊठ. आत बसून दाखव."

जीन आसनावर बसला. चाकं सरळ झाली आणि सरळच राहिली. लेलँडने अर्धा तास घड्याळ लावून बघितलं. एक अंशही नाही.

त्याला हायसं वाटलं. हिशोब साधा होता: ती जीनकडे वळते, आणि जीन आतच असला तर वळायला दिशाच उरत नाही. एवढी सरळ जाणारी गाडी अख्ख्या तळ्यावर दुसरी नसेल.

रविवारी सकाळी तळ्याची भेगाळलेली माती डोळ्यांत खुपेल इतकी पांढरी होती. या गाड्यांना स्टार्टर नसतो. व्हेराने ट्रकने मागून ढकललं, इंजिन धडाडलं, आणि जीन शीळ घालत निघून गेला. शीळ ऐकू येण्यासारखी नव्हतीच, पण ओठ दिसले. धुळीचा लोट पट्टीने आखल्यासारखा सरळ गेला. ताशी एकशे अठरा मैल. लोकांनी टोप्या उडवल्या.

जीन गाडी घेऊन परत आला, इंजिन बंद करून खाली उतरला. चेहरा धुळीने पांढरा. व्हेराने त्याला मिठी मारली. कुणीतरी त्याच्या हातात थंड बाटली दिली.

लेलँडने पुढचा भाग जॅकवर उचलला. सवयीने.

चाकं सरळ होती.

"जीन, डावीकडे ये."

जीन आला. चाकं सरळ.

"आता इकडे."

सरळ.

"पुढे उभा राहा. अगदी समोर."

जीन समोरून गाडीला पूर्ण वळसा घालून आला. चाकं दूरच्या डोंगरांकडे रोखलेली होती, तशीच.

"सुटलो की रे," जीन म्हणाला. "विसरली मला."

आवाज त्याचाच होता. हसणंही. बाटली मात्र त्याने अजून तोंडाला लावली नव्हती. थंड काचेवर पाणी साचतं तसं साचलं होतं, आणि त्या ओल्या काचेला टेकलेल्या त्याच्या बोटांवरची धूळ कोरडीच होती.

जीन आत असला की चाकं सरळ, हा शुक्रवारचा हिशोब आठवून लेलँडने आत वाकून पाहिलं. आसन रिकामं होतं. स्टिअरिंग हलत होतं, अगदी बारीक, केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे, भरधाव गाडी सरळ ठेवताना चालवणाऱ्याच्या हातांत हलतं तसं.