दुपारी एक ते चार

मे महिन्यातला मंगळवार होता. अमरावतीला घरामागच्या ओट्यावर मी कूलरच्या जाळ्यांत नवीन गवत भरत बसलो होतो. कॉलेजला सुट्ट्या लागल्या होत्या. हात ओले होते, म्हणून फोन दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा सहा वाजत आले होते. अकोल्याहून हर्षाताई बोलत होत्या. माझी बहीण शकुनताई चौथ्या मजल्यावर राहायची, त्या तिच्या खाली तिसऱ्यावर.

"भाऊ, तुम्ही निघून या. शकुनताई लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. आता काढलं."

"बरी आहे ना?"

त्यांच्या मागे कूलरची घरघर तेवढी ऐकू येत होती.

तुम्ही मघाशी माझ्या किल्ल्यांत ही तिकोनी चावी पाहून विचारलंत, म्हणून सांगतो. एरवी मी हे सांगत नाही.

ताई शाळेतून निवृत्त झालेली, एकटी. रोज जेवण झालं की पेलाभर ताक घेऊन खाली जायची, चौकीदार महादेवरावांना द्यायची आणि रिकामा पेला घेऊन वर यायची. त्या दिवशीही ताक देऊन वर यायला निघाली. सोळा घरांचे सोळा कूलर चालू होते. व्होल्टेज पडलं आणि लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये थांबली. दीड वाजला होता. दरवाजा उघडला साडेपाचला, कोणाला तरी बाजारात जायचं होतं म्हणून. डॉक्टरांनी कारण लिहिलं, उष्माघात.

चार तास. सोळा घरं. प्रत्येक घरात माणूस होतं. लिफ्टच्या दाराला आतून नखाएवढ्या चंद्रकोरी उमटल्या होत्या, आणि तिच्या स्टीलच्या पेल्याची कड चेपून आत वळली होती.

तेरवी झाल्यावर मी तिचं घर आवरायला अकोल्याला गेलो. सोसायटीचे सेक्रेटरी खुशालराव यांना एकच विचारलं, लिफ्टमधली धोक्याची बेल का वाजली नाही?

त्यांनी मला तळमजल्यावर नेलं. मीटरच्या बोर्डाशेजारी बेल होती. तिची वायर तोडून टोकाला काळी पट्टी गुंडाळली होती. सेलही काढलेले.

"सर, तुमाले राग येते, समजते मले. पण बंद काहून केली ते तर पाहा." त्यांनी तक्रारींची वही उघडून माझ्यापुढे धरली. "हे अक्षर वळखता ना?"

ओळखलं. तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं, गोल, सरळ अक्षर. 'सुट्टीत मुले लिफ्टमधील बेल वाजवतात. दुपारची झोप होत नाही. कृपया बेल बंद करावी. शकुन, ४०२.' खाली सगळ्यांच्या सह्या. त्याखाली ठराव, बेल पंधरा जूनपर्यंत बंद. नोटीस बोर्डावरही लावलं होतं : दुपारी एक ते चार शांतता राखावी.

"आमी आपल्या मनानं काही केलं नाई," खुशालराव म्हणाले.

"आत्ता जोडा. माझ्यासमोर."

"असं कसं जोडता येईन? ठराव झाला आहे. पुढच्या मीटिंगमधे विषय घेऊ."

"माणूस मेल्यावरही ठराव चालू राहतो?"

"ठराव म्हणजे ठराव, सर. तुमी तर शिकवता पोराईले."

मी हात पाठीमागे बांधून घेतले. वर्गातही फार राग आला की मी तसंच करतो. मग जिन्यानं वर गेलो.

ताईच्या खोलीत कपाट रिकामं करत होतो. अकोल्याची मेमधली दुपार तुम्हाला माहीत आहे. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. खिडक्यांतून सोळा कूलर एका सुरात घरघरत होते. दीडच्या सुमारास लाइन गेली.

एकेक कूलर मंदावत थांबला. पाण्याचे थेंब टपटपले, तेही थांबले. इतकी शांतता झाली की मला माझं गिळणं ऐकू आलं. आणि खालून बेल वाजायला लागली.

थांबून थांबून. मुलं वाजवतात तशी नाही. बोट दुखेपर्यंत दाबावं, सोडावं, परत दाबावं, तशी.

मी खाली धावलो. महादेवराव डोक्याला दुपट्टा बांधून बेलसमोर उभे होते. वायर तशीच तुटकी लोंबत होती. बेलच्या वाटीवरची छोटी हातोडी जागची हलत नव्हती. मी वाटीवर हात ठेवला. ती थरथरत होती.

"लाइन गेली का वाजते, सर," महादेवराव हळूच म्हणाले. "रोज."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करतो... लाइन यायची वाट पाहतो." त्यांनी कमरेच्या जुडग्यातून एक चावी सोडवली. तिकोनी. लिफ्टचा दरवाजा बाहेरून उघडायची. "त्या दिवशी मी ताक पेलो अन् पंपाच्या खोलीत झोपलो. मले आता हे होत नाई. तुमी भाऊ आहात. घंटीपाशी येऊन काय फायदा... दरवाजा वर आहे."

मी जिना चढलो. वाटेत सगळी दारं बंद होती, पण दारांखालच्या फटींतून पायांच्या सावल्या दिसत होत्या. प्रत्येक दारामागे कोणीतरी उभं होतं. कोणीतरी खोकला दाबला. सगळ्यांना ऐकू येत होतं. तो राग अजून माझ्या छातीत तसाच आहे.

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दाराशी पोचलो तेव्हा बेल थांबली होती. आतून, जरा खालून, वेगळाच आवाज येत होता. टक्... टक्... टक्. पत्र्यावर स्टील. दाराच्या फटीतून गरम हवा येत होती आणि तिला आंबट ताकाचा, भाजलेल्या जिऱ्याचा वास होता.

मी चावी भोकात घातली.

टक्टक थांबली. कोणी तरी आल्याचं आत कळलं होतं. आत कोणीतरी श्वास धरून वाट पाहत होतं.

मला फक्त मनगट वळवायचं होतं.

तेवढ्यात लाइन आली. सोळा कूलर एकदम सुरू झाले आणि त्या घरघरीत काही म्हणता काही ऐकू येईना. मी चावी काढून घेतली. मला सुटल्यासारखं वाटलं.

हर्षाताईंचं दार बोटभर उघडलं.

"भाऊ... उघडलं का?"

"नाही."

"बरं केलं," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

पुढे डिसेंबरात घर माझ्या नावावर करायचे कागद घ्यायला परत गेलो. दुपारची वेळ, पण हवेत गारठा होता. फाटकातून आत आलो आणि उभाच राहिलो. सोळाच्या सोळा कूलर चालू होते. बाल्कन्यांतून पाणी गळत होतं. आत लोक स्वेटर घालून, पोरांना गोधड्यांत गुंडाळून बसले होते. ताईच्या बंद घराचा कूलरसुद्धा कोणीतरी बाहेरून वायर टाकून चालू ठेवला होता.

तळमजल्यावर खुशालरावांनी मफलर सारखा केला. मीटरच्या बोर्डाशेजारी आता बेल नव्हती. भिंतीत स्क्रूची चार भोकं होती.

"काढूनच टाकली, सर. लय तक्रारी येऊन राहिल्या होत्या."

"मग आता वाजत नाही?"

त्यांनी वही पुढे सरकवली. नवा ठराव होता, सर्वानुमते : दुपारी एक ते चार कोणीही कूलर बंद करू नये. लाइन गेल्यास इन्व्हर्टरवर चालवावा. खाली पंधरा सह्या.

"तुमची तेवढी राहिली. चारशे दोनची."

"मी सही करणार नाही," मी म्हणालो. आवाज चढला होता. "तुम्हाला लाज वाटत नाही? ती आत होती तेव्हाही तुम्ही हेच केलं. आताही..."

लाइन नव्हतीच; वर कुठेतरी बॅटरी संपत आलेला इन्व्हर्टर पीं पीं करायला लागला. एक कूलर थांबला. मग दुसरा. खुशालराव भिंतीकडे पाहत होते, त्या चार भोकांकडे. त्यांचे ओठ हलत होते. तिसरा थांबला, आणि त्या भिंतीतून बेलची पहिली, लांब, दमलेली घरघर आली.

मी सही केली. ताईच्या सहीसारखीच, नाव आणि पुढे ४०२.

महादेवराव दिवाळीआधीच काम सोडून कौंडण्यपूरकडे आपल्या गावी गेले. चावी त्यांनी परत मागितली नाही. मीही दिली नाही. अमरावतीहून अकोला दोन तासांवर आहे आणि मला सुट्ट्या पुष्कळ असतात.

तो दरवाजा मी अजून उघडलेला नाही.