शिटी वाजेपर्यंत

हॅगशॉच्या नगरमंडळाने एनॉक थ्रेलफॉलला नोकरीवर ठेवलं ते त्याच्या नाकासाठी. बाकीचा एनॉक त्यांना फुकटात मिळाला होता! गटारांचा इन्स्पेक्टर तो. दारं-खिडक्या लावून हा घरात उभा राहायचा; हाताखालचा माणूस छपरावर चढून गटाराच्या नळीत पेपरमिंटचं तेल आणि त्यावर बादलीभर कढत पाणी ओतायचा. घरात पेपरमिंटचा वास आला, की गटार फुटकं आणि घराला टाळं. ओतणाऱ्याच्या अंगालाही तो वास चिकटतो, म्हणून इन्स्पेक्टरची शिटी वाजेपर्यंत त्याने खाली उतरायचं नाही. नियमच तसा.

त्या दुपारी धुकं इतकं दाट होतं, की एनॉकला स्वतःचं नाक दिसेना; आणि ते काही लहान नव्हतं. तो ओग्डेनबाईंच्या घरात शिरला. माडीवर त्यांची मर्सी तापाने फणफणली होती.

"साहेब, टाळं लावलंत तर या पोरीला कुठे घेऊन जाऊ?"

"नाक सांगेल तेच लिहीन, बाई."

"चहा तरी टाकते. गेल्या वर्षी दोन कप घेतले होते तुम्ही."

"नको!"

एनॉक असा ओरडला, की चुलीपुढचं मांजर उठून गेलं. गेल्या वर्षी इथेच, त्या दोन कपांच्या नादात, तो शिटी वाजवायला विसरला होता. वर छपरावर गारांच्या पावसात त्याच्या हाताखालचा म्हातारा सायलस दीड तास बसून राहिला. नियमाचा पक्का! आठवड्यात छाती भरून वारला. चहाचं एनॉक कुणाजवळ बोलला नाही.

तेवढ्यात वास आला... पेपरमिंटचा. मोरीकडून नव्हे, जिन्यावरून. एकेक पायरी उतरत यावा तसा. एनॉकशेजारी येऊन तो थांबला. त्यात ओल्या लोकरीचाही वास होता.

एनॉकने वहीत 'गळती' लिहिलं. ओग्डेनबाईंनी मर्सीची शाल शोधायला घेतली. तो बाहेर आला, तर नवा गडी नॅट शिडीच्या पायथ्याशी उभा. हातातल्या बाटलीचं लाखेचं सील तसंच.

"तू... ओतलं नाहीस?"

"चढलोच कुठे? धुराड्यामागे कुणी म्हातारा बसलाय. म्हटलं, तुम्हीच पाठवला असेल."

एनॉकने शिटी काढली आणि जीव खाऊन वाजवली. मग पुटपुटला, "उतर बाबा आता..."

हळूहळू वास विरला. एनॉकने वहीचं पान फाडलं, नॅटला तेल ओतायला वर धाडलं आणि आत जाऊन कोपरान् कोपरा हुंगला. पलंगाखालीसुद्धा शिरला. शिजलेल्या कोबीखेरीज कसलाही वास नाही. 'गटार शाबूत' असं लिहून त्याने सही ठोकली. ओग्डेनबाई एप्रनआड तोंड लपवून रडल्या आणि चुलीकडे पळाल्या.

एनॉकने अंगणात जाऊन लागोपाठ तीन शिट्ट्या मारल्या. नॅट उतरला.

"एक पुरे होती, साहेब, बहिरा नाही मी. तो म्हातारा मात्र उतरत नाही."

"अजून... आहे?"

"आहे की. म्हणतो, शिटी ऐकली. पण साहेबांचा चहा झाला का, ते आधी विचारून ये. घाई नाही म्हणावं."

एनॉक मागे वळला. दारात ओग्डेनबाई हसऱ्या तोंडाने उभ्या होत्या. हातात दोन वाफाळते कप.