थोरलीचा सत्कार

आमच्या निळाई वस्तीत तीन सर्व्हर होते, त्यांचे पाच झाले. म्हणजे वस्ती आधीपेक्षा भक्कम व्हायला हवी होती, हो ना? मग पाच झाल्यावर अर्ध्या तासात ती ठप्प का झाली? सांगते. पण मला अजून राग आहे, आणि तो मी लपवणार नाही.

निळाई समुद्राखाली आहे, तीस मीटर खोल. माझे बाबा पाणबुडे आहेत आणि बाहेरची शेवाळशेती सांभाळतात. त्यांना ये-जा करायला पाणदार आहे (दोन दरवाजांची खोली, एक बंद झाल्याशिवाय दुसरा उघडत नाही). ते माणूस हाताने उघडत नाही, कारण चूक झाली तर समुद्रच घरात. ते काम सर्व्हर करतात (वस्तीच्या नोंदी ठेवणारे आणि हुकूम देणारे संगणक). आम्ही मुलांनी त्यांना नावं दिली होती: थोरली, मधली आणि धाकटी.

"एकच सर्व्हर का नाही?" असं मी कुंदाआत्याला लहानपणी विचारलं होतं. आत्या म्हणजे बाबांची बहीण आणि वस्तीची यंत्रतज्ज्ञ.

"एकच असला आणि तोच बंद पडला, तर सगळंच बंद. म्हणून तीन. तिघींपैकी दोघींचं जमलं की निर्णय झाला. याला बहुमत म्हणतात (निम्म्याहून जास्त). एक बंद पडली तरी उरलेल्या दोघी दार उघडतात. अशा व्यवस्थेला दोषसह म्हणतात (थोडा बिघाड सोसून चालू राहणारी)."

"मग चार केल्या तर?"

"चारचं बहुमत तीन. म्हणजे तेव्हाही एकच बिघाड सोसणार. खर्च वाढला, फायदा शून्य. पाच केल्या तर बहुमत तीनच, पण दोन बंद पडल्या तरी चालतं."

यंदा वस्ती वाढली, म्हणून पाच करायचं ठरलं. आत्याने आठ दिवसांची यादी केली. नऊ पायऱ्या होत्या. वर लाल शाईत लिहिलं होतं, 'एका वेळी एकच बदल.'

पण अध्यक्ष भालेकरकाकांना घाई. किनाऱ्यावरून पाहुणे यायचे होते आणि सव्वा अकराचा मुहूर्त होता. आत्या, जिला सगळं कळतं, तिला त्यांनी आरतीचं ताट देऊन पाहुण्यांना ओवाळायला पाठवलं. तिची यादी घेतली आणि नऊ पायऱ्या नऊ मिनिटांत उरकल्या. दोन्ही नव्या यंत्रांना एकदम मताधिकार दिला. पाच हिरवे दिवे लागले, टाळ्या झाल्या.

तेवढ्याने भागलं नाही. काका माईकवर म्हणाले, "आपल्या थोरलीने बारा वर्षं सेवा केली. तिचा सत्कार नको?" आणि त्यांनी थोरलीची वायर काढून तिला मंचावर आणलं. शाल, श्रीफळ, हार. तो हार मीच ओवला होता, हेही सांगते. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात पाणदारावरचा भोंगा वाजला. सकाळीच शेवाळशेतीवर गेलेले बाबा बाहेरून आत यायचं बटण दाबत होते. दार उघडेना.

आत्या ताट टाकून धावत आली. तिने संगणकाचा पडदा पाहिला. "जनूदादाच्या टाकीत वीस मिनिटांची हवा आहे," ती बाबांबद्दल म्हणाली. इतक्या खोलातून एकदम वर गेलं तर शरीर सोसत नाही, हे आमच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

"पण पाच आहेत की!" भालेकरकाका म्हणाले.

"पाच आहेत म्हणूनच!" आत्या ओरडली. "पाचांचं बहुमत तीन. नव्या दोघी कोऱ्या आहेत, त्यांच्याकडे बारा वर्षांच्या नोंदी अजून पोचलेल्या नाहीत. आज शाळेत आलेल्या मुलीला वर्षभराच्या भांडणाचा निवाडा करायला सांगाल का? त्यांचं मत धरता येत नाही. राहिल्या जुन्या तिघी, त्यातली एक तुम्ही हार घालून बसवलीत. उरल्या दोन. दोघींनी परस्पर दार उघडायचं नाही, हाच तर नियम आहे!"

"मग नव्या दोघींना काढून टाक," काका म्हणाले.

"काढायलाही बहुमत लागतं!"

मी काही ऐकलं नाही पुढचं. मंचावर चढले, थोरलीवरची शाल ओढून फेकली आणि तिला कवटाळून उचलली. जड होती. काका म्हणाले, "अगं केतकी, पाहुणे बसलेत." मी त्यांच्याकडे पाहून किंचाळले, "माझे बाबा बाहेर आहेत!" मग काकांनीच दुसरी बाजू धरली.

हार ओला होता. वायरीच्या खाचेत झेंडूची पाकळी अडकली होती, ती मी नखाने काढली. आत्याने वायर जोडली. थोरलीला जागं व्हायला सात मिनिटं लागली. ती सात मिनिटं काचेपलीकडे बाबा हलायचे थांबून, हवा वाचवत, पायरीवर बसून होते. मी काचेला हात लावून उभी होते आणि मला रडूही येत नव्हतं.

मग तिसरा होकार आला. दार उघडलं.

बाबा आत आल्यावर भालेकरकाका खाली मान घालून म्हणाले, "दहाच मिनिटांसाठी काढली होती हो."

"माझ्याकडे वीस होती," बाबा म्हणाले.

त्या संध्याकाळी आत्याने नव्या दोघींचा मताधिकार काढला आणि यादी पहिल्यापासून सुरू केली. नव्या आता फक्त ऐकत होत्या, सगळ्या नोंदी उतरवून घेत होत्या. पाचव्या दिवशी पहिलीच्या नोंदी जुळल्या, तेव्हा तिला मत मिळालं. सातव्या दिवशी दुसरीला. आठव्या दिवशी पाणदारात आणि बाहेर कोणी नसताना आत्याने मुद्दाम दोन यंत्रं बंद करून पाहिली. दार उघडलं.

"आत्या, माझा राग जात नाही," मी म्हणाले.

"नको घालवूस. यादीत लिही," तिने पेन दिलं.

म्हणून आता निळाईच्या यादीत दहावी पायरी आहे, आणि सगळ्यात आधी तीच वाचायची असते. ती माझ्या अक्षरात आहे: 'कोणीही बाहेर असताना यंत्रांच्या संख्येला हात लावायचा नाही.' खाली पहिली सही भालेकरकाकांची आहे. पुढच्या वर्षी पाचाच्या सात होतील, तेव्हा यादी मी वाचून दाखवणार आहे.

नवव्या दिवशी सकाळी बाबा पोशाख चढवून पाणदारापाशी आले.

"किती दिवे आहेत गं?"

"पाच."

"जाऊ मग?"

मी पुन्हा एकदा मोजले. "जा," मी म्हणाले. "दोन विझले तरी दार उघडेल."