पाटी नसलेला ग्रामोफोन

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण एका ग्रामोफोनपायी सबंध सोलापूरचे माग एका दुपारी जागच्या जागी थांबले होते. हसू नका! मी शेजारच्याच दुकानात होतो. पण आधी तो ग्रामोफोन आला कसा, ते ऐका.

विजापूर वेशीत मुबीनचं जुने रेडिओ, ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान. डांबर पातळ होऊन चपला धरून ठेवत होतं, अशा दुपारी रिक्षातून एक मुलगी उतरली. हातात चादरीत गुंडाळलेली पेटी. ओढणीनं कपाळ टिपत म्हणाली, "नानांचा ग्रामोफोन आहे. कुठल्या कंपनीचा, सांगता येईल? कुठंच नाव नाही."

ती सबिहा. मुबीननं चादर बाजूला केली... आणि तिच्याकडेच बघत राहिला.

"ग्रामोफोन इकडं आहे," ती म्हणाली.

"हौ... बघतोय की."

खरं तर झाकण उघडताच त्याला कळलं होतं. आतलं लाकूड उडालेल्या रंगाचं, फक्त मधोमध बोटभर पट्टा गडद. स्क्रूची दोन भोकं, त्यात धुळीचा कण नाही. कंपनीच्या नावाची पाटी कुणीतरी नुकतीच काढलेली! पण तसं म्हणावं, तर ही पेटी उचलून निघून जाणार...

"वेळ लागेल," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "शुक्रवारी या."

शुक्रवारी म्हणाला, "चावी जर्मन वाटते." पुढच्या शुक्रवारी, "पण सुईचा हात इंग्लंडचा."

"म्हणजे आई जर्मन, बाप इंग्रज?"

"तसंच दिसतंय."

"मग सोलापुरात कसा आला?"

"लग्न करून," मुबीन बोलून गेला आणि लाल कानांनी तेलाची बुधली शोधू लागला. बुधली त्याच्या हातातच होती. सबिहा ओढणीआड हसली.

असे शुक्रवार जात राहिले. मग एकदा ती आली, ती हसलीच नाही.

"पेटी द्या. उद्या गुलबर्ग्याचे पाहुणे येताहेत... मला बघायला. अब्बा म्हणतात, बैठकीत मांडू."

मुबीनच्या हातातला पेचकस थांबला. पाठीमागच्या गल्लीत माग खडखडत होते.

"नाव नको?"

"सापडलं?"

"सापडलं असतं की. पण पाटी तुमच्याच पर्समध्ये असणार."

ती आधी गोरीमोरी झाली, मग चिडली. "कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि तरी मला इतक्या उन्हातनं फेऱ्या मारायला लावल्या?"

"पण तुम्ही पाटी काढलीतच का?"

"रोज याच रस्त्यानं कॉलेजला जाते," ती हळूच म्हणाली. "तुमची मान कधी वर होईल तर ना! नाव पहिल्या दिवशीच सांगितलं असतंत, तर... परत काय म्हणून आले असते?"

तिनं पर्समध्ये हात घातला, बाहेर काढून मूठ उघडली. तळहातावर इवलीशी पितळी पाटी.

आणि मग मुबीननं काय भाषण ठोकलं म्हणता! 'सबिहा, तुमच्यावाचून हे दुकान मुकं आहे...' एकेक शब्द असा, की वेशीपासून चिंचोळीच्या एमआयडीसीपर्यंतचे माग थांबले, ग्रामोफोन चावी न देता वाजायला लागला, आणि...

"बापूसाहेब, खोटं!" माझ्यापुढं चहा ठेवता ठेवता सबिहाच कडाडली. "माग थांबले असतील एक वेळ. पण हे बोलले? हे तर स्क्रू पडला म्हणून टेबलाखाली शिरले होते! 'उद्या पाहुणे यायच्या आत, आज संध्याकाळीच तुमच्या अम्मीला घेऊन आमच्या घरी या, आणि पाटी तुमच्या हातानं बसवा'... हे मी म्हणाले होते!"