तीन तारखेची पोच

सत्य लपत नाही, असे थोर लोक सांगून गेले. ठरलेल्या मुदतीत अर्ज केला नाही, तर कोर्ट त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, हे सांगायचे तेवढे राहून गेले.

मोज्यांच्या कारखान्याची मालकीण तपासनिसाकडे आली ती याच कात्रीत सापडून. पंखेवाल्याने तिच्या कंपनीला मागणी-नोटीस धाडली होती: वाळवणखोलीच्या पंख्याचे पैसे भरा किंवा एकवीस दिवसांत कोर्टात हरकत घ्या, नाहीतर कंपनीला टाळे. पंखा फिरतच नव्हता, म्हणून तिने पैसे अडवले होते. बदली पाठवलेला दुसराही फिरत नव्हता.

नोटीस बारा तारखेला टपालाने आली, असे तिचे म्हणणे. तीन तारखेलाच हातोहात दिली, असे पंखेवाल्याचे. त्याचे खरे धरले, तर हरकत चार दिवस उशिरा आणि साठ माणसे घरी. सुनावणी उद्या होती.

पंखेवाल्याने कोर्टात पोच जोडली होती. तपासनिसाच्या मेहुण्याने तिची नक्कल वाचून दाखवली. वर टाइप केलेले "मागणी-नोटीस". खाली हाताने, "मिळाला. ता. ३", आणि सही. सही टपाल घेणाऱ्या बाईंची. बाई पूर्वी शाळेत मराठी शिकवत.

"हा पोच तुम्हीच दिला ना?" मेहुण्याने दरडावले.

"ही पोच. दिली. सही माझीच आहे," बाई म्हणाल्या. "पण नोटीस पाहिल्याचे आठवत नाही."

बाई फितूर आहेत, असे मेहुणा तपासनिसाच्या कानात म्हणाला. कुजबुजणे त्याला कधीच जमले नव्हते. बाईंनी खाली मान घालून आवक-वही पुढे सरकवली. तपासनिसाने ती चाळली. सूत मिळाले, पेटी मिळाली, रंग मिळाला. वीस वर्षे हेच.

मग दोघे पंखेवाल्याकडे गेले. त्याने बिनदिक्कत सांगितले, की आमचा माणूस भाड्याचा टेम्पो घेऊन गेला, नोटीस दिली, पोच आणली.

"झालं, बाईच दोषी," बाहेर पडताच मेहुणा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात तपासनिसाने सगळ्यांना गाठले.

"एक कागद पोचवायला टेम्पो कशाला लागतो?" त्याने पंखेवाल्याला विचारले.

पंखेवाला फायली चाळू लागला.

"नोटीस मिळते ती 'मिळाली'. या बाई मेल्या तरी 'नोटीस मिळाला' लिहायच्या नाहीत. त्या दिवशी टेम्पोतून आला तो बदली पंखा. पंखा मिळाला. सही त्या पंख्यासाठी आहे. वरचे दोन शब्द तुम्ही नंतर टाइप केलेत."

"व्याकरण म्हणजे पुरावा नव्हे," पंखेवाला म्हणाला.

"नसेल. पण टेम्पोवाल्याच्या भाडेपावतीवर 'पंखा, एक नग, ता. ३' आहे. तो आत बसलाय."

मेहुण्याने बाईंची माफी मागितली. बाईंनी माफीतली एक चूक दुरुस्त करून ती स्वीकारली.

हरकत वेळेत धरली गेली आणि पुढे मान्यही झाली. निकालपत्र कारखान्यात आले तेव्हा बाईंनी पोच दिली: "मिळाले."

पंखे अजून फिरत नाहीत. दोन्ही.