चौकटीचं चौथं लाकूड

उंबऱ्यावरून उठ बे धर्मेंद्र. कितीदा सांगू, दिवेलागणीनंतर तिथं बसू नोको म्हणून? हासू नोको, इकडे चटईवर ये अन् ऐक. भोजराज माह्या वळखीचा माणूस, त्याची गोष्ट आहे. खोटी वाटली तं वाटू दे, मले काय.

भोजराजचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. नवीन गावठाण वर टेकडीवर, जुन्या घरापासून पायवाटेनं अर्ध्या घंट्यावर. त्यानं स्लॅबचं घर बांधलं, पण दाराले जुनीच सागाची चौकट लावली. लावली म्हणजे, बाजूची दोन उभी लाकडं अन् वरचं आडवं. खालचा उंबरठा तिथंच मातीत सोडून आला. म्हणे, "मोटरसायकल सरळ आत घेता येते. आता उंबरठे कोण ठेवते?"

त्याची माय चंद्रभागाबाई, लय कडक बाई. ती म्हणे, "अरे, चार काठाची म्हणून चौकट. काठ म्हणजे लाकूड, एवढंबी समजत नाही तुले? तीन लाकडाले चौकट म्हणते काय कोणी? अन् उंबरठा कायले म्हणते? पहिले उंबराचंच लाकूड टाकत खाली. देवाचं झाड ते. बाहेरचं बाहेर थांबते अन् घरातलं घरात." भोजराजनं हसण्यावारी नेलं.

मंग त्याची पोरगी गुड्डी, सात वर्षाची, झोपेत उठून चालाले लागली. डोळे उघडे, पण कोणाले वळखे नाही. दार उघडून निघे, जुन्या गावाच्या वाटेनं, पाण्याकडे. तिच्या मायनं, शकुनबाईनं, दोनदा अर्ध्या वाटेवरून उचलून आणली. डॉक्टर झाले, मांत्रिक झाले. भोजराजचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. "आणतो माय," म्हणाला, "चौथं लाकूड आणतो."

दोन वर्षांमागचा पोळा होता तो. अमावस्या. बैल पूजून, पुरणपोळी खाऊन रात्री नऊच्या सुमाराले निघाला. दिवसा काहून नाही गेला? अरे, पोळ्याच्या दिवशी किसानाले फुरसत असते काय? अन् पाणी चढून राहिलं होतं, सकाळी उंबरठा बुडालाच असता. सोबत डोमा, त्याचा दोस्त, ट्रॅक्टर घेऊन. सडकेनं गेले. जाताना शकुनबाईले सांगून गेला, "पोरीचा हात सोडू नोको."

ट्रॅक्टर चिखलात उतरेना, म्हणून डोमा वरच थांबला. भोजराज बॅटरी घेऊन खाली गेला. भिंती कवाच्याच पडल्या होत्या, उंबरठा तेवढा होता. पाणी घोट्याले लागत होतं. लोखंडी सब्बलीनं, पहारीनं, खणलं. एक टोक सुटलं... दुसरं हलेना. दोन माणसांचं लाकूड ते.

"डोमा, ये बे खाली."

जवाब नाही. पण दुसरं टोक उचललं गेलं. अलगद.

"हां, चल," भोजराज म्हणाला. पुढचं टोक खांद्यावर घेऊन चालाले लागला. मागं पाण्यात पावलं वाजून राहिली होती. हलकी.

"दमला काय, डोमा?"

मागं फक्त पाणी वाजलं.

त्यानं वर पाह्यलं. ट्रॅक्टरचा लाईट. लाईटात डोमा. बिडी पेटवत होता.

भोजराज जागीच थांबला. टाकावं लाकूड? टाकलं तं गुड्डीचं काय? नाही टाकलं. मागं नाही पाह्यलं. मागचं टोक फार खाली होतं... चढ आहे, म्हणून असंन... चालत राहिला.

"एकट्यानंच आणला काय बे?" डोमानं इचारलं.

घरी आले तं अंगणात माणसं. शकुनबाईले डुलकी लागली होती. एवढीशी डुलकी. हात सुटला. गुड्डी...

पहाटे सापडली. जुन्या घराच्या परसात, पाण्यात. भोजराज खणत होता, तिथून चार हातांवर. ट्रॅक्टर घरून निघाला तशीच मागं पायवाटेनं गेली असंन, म्हणते लोक.

उंबरठा बसवला त्यानं, पोरीचे दिवस झाल्यावर. मी होतो तवा तिथं. लाकूड उलटं केलं, तं मागच्या टोकाले, खालच्या अंगानं, चार बोटं रुतल्याचे खळगे. ओळीनं. जुना साग तो, त्याच्यात खिळा वाकते.

मी त्यातल्या एका खळग्यात माही करंगळी लावून पाह्यली.

मावली नाही.