चार सेकंद

इस्पितळाच्या नोंदणीसाठी आमच्याकडे दोन सर्व्हर आहेत. पहिला काम करतो, दुसरा त्याच्यावर लक्ष ठेवून बसतो. पहिल्याकडून चार सेकंद काही आलं नाही, की दुसरा काम हातात घेतो. खिडकीपुढच्या रांगेला पत्ताही लागत नाही. हे नीट चालतंय ना, ते बघायला दर रविवारी अकराला मी पहिला मुद्दाम बंद करतो. तक्रार आली नाही, की चाचणी पास. मग काम पहिल्याला परत द्यायचं. ते हाताने द्यावं लागतं, आपोआप येत नाही.

*रविवार*
बंद : ११:००:००
दुसऱ्याने घेतलं : ११:००:०४
तक्रारी : नाहीत
परत दिलं : ११:४०

घरी आलो. बायको म्हणाली, "दूध आणायला गेला होतास ना? कुठंय?"

कुठलं दूध, ते मला कळेना. ती स्वयंपाकघरातला अडकणारा खण आतबाहेर सरकवत होती. दोन वर्षं ती माझ्या मागे लागली होती, आज मी तो एकदाचा दुरुस्त केला म्हणे. स्क्रू नवे होते. माझा स्क्रूड्रायव्हर खांद्यावरच्या बॅगेत होता.

*रविवार*
बंद : ११:००:००
दुसऱ्याने घेतलं : ११:००:०४
तक्रारी : नाहीत
परत दिलं : ११:४०

टेबलावर दोन रिकामे कप. तिच्या कानात निळे डूल, कित्येक वर्षांनी.

"मघाचं परत म्हण ना."

"काय?"

तिचं हसू हळूहळू उतरलं. "जाऊ दे. गेलं."

माझ्या कपाच्या तळाशी साखर होती. मी बिनसाखरेचा पितो.

आठवडाभर मी वाक्यं जुळवत राहिलो. तिला तसं हसवेल असं एकही सुचलं नाही. त्या दुसऱ्याला कसं सुचलं?

पुढच्या रविवारी मी गेलोच नाही. खुर्ची धरून बसलो.

साडेदहाला तिने डूल घातले.

"आज चाचणी नाही?"

"नाही."

"जा ना. लोकांची कामं अडतील."

लोकांच्या कामांची तिला आजवर कधी पडली नव्हती.

अकरा वाजले. तिने दोन कप मांडले. एकात दोन चमचे साखर घातली.

मी तिला हाक मारली.

तिने मान वर केली नाही.

पुन्हा मारली.

मग तिने माझ्या खुर्चीकडे पाहिलं आणि खुलून हसली. "हं. आता म्हण."

मी तोंड उघडलं नव्हतं.

ती ऐकत होती.

*रविवार*
बंद : ११:००:००
दुसऱ्याने घेतलं : ११:००:०४
तक्रारी : नाहीत
परत दिलं :